बाविसावं नाव

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे विठोबा, गेले आठ दिवस एका जागी बसतील तर शपथ! पत्र्याची ट्रंक उघडायची, उपसायची, पुन्हा भरायची. "काय शोधताय?" विचारलं की "काय न्हाय." मला सगळं ठाऊक होतं. त्यांचा कागद मी तांदळाच्या पिंपात दडवला होता.

आबा लालबागला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. तेव्हा माणगावकडच्या आमच्या गावच्या बावीस जणांनी मिळून चाळीत एक खोली घेतली. पाळीपाळीनं कामाला जायचं, पाळीपाळीनं त्याच चटयांवर झोपायचं. सही एकट्या आबांना यायची, म्हणून भाडेपावती त्यांच्या नावावर. पण खोली अख्ख्या गावाची, असा कागद केला आणि बाकीच्यांनी आपापल्या नावापुढे अंगठे उठवले.

मग संप झाला, गिरणी बुडाली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला. खोली तेवढी राहिली. गावची पोरं नोकरी शोधायला गेली की अजून तिथंच उतरतात. आता चाळही पाडणार. पावतीवर ज्याचं नाव, त्याला नवा फ्लॅट.

रविवारी बिल्डरचा फॉर्म घेऊन माझा नवरा विनेश आला. नऊ वर्षं तो मुंबईजवळ दिव्याला चौघांत एक खोली करून राहतोय आणि मी इथं गावी. नवरा कसला, रविवारचा पाहुणा! मला तो फ्लॅट हवा होता. हो, हवा होता, खोटं कशाला बोलू?

"आबा, सही करा."

"खोली माझ्या नावावर हाय, माझी न्हाय."

"मग कागद दाखवा!"

आबांचा चेहरा उतरला. ट्रंकेपर्यंत गेले, परत आले. "कागद गेला तर गेला. माणसं माझ्या ध्यानात हायत. तू लिही."

पडवीत येरझारा घालत ते बोटं मोजायला लागले. कोण खिडकीखाली झोपायचा, कोण घोरायचा, कोणाला चहा लागायचा. एकवीस नावं झाली आणि गाडी अडली.

"दाराशी झोपायचा तो... तापानं तिथंच गेला. बायको न्हाय, पोर न्हाय. अरे, त्याचं नाव घेनारा मी एकटा, आन् मीच इसरलो?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"जाऊ दे ना आबा," विनेश वैतागला, "मेलेल्याला काय फ्लॅट द्यायचाय?"

आबा मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मला ते बघवेना.

"बाळाजी," मी बोलून गेले.

"व्हय, व्हय! बाळाजी!" आबा केवढे हसले. मग हसता हसता थांबले. बाळाजी गेला तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता.

विनेश माझ्याकडे बघतच राहिला. मी उठले, पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला.