पहिल्या बटणावरचा सा

हा अनुभव लिहू की नको, या विचारातच माझे दोन महिने गेले. मुळात मी घाबरट माणूस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी नोकरी मीटरचे काटे बघण्यात गेली. काटा जरा हलला की माझ्या पोटात गोळा उठायचा. मी निवृत्त झालो, पण तो गोळा काही निवृत्त झाला नाही. त्यात गेल्या पावसाळ्यात माझ्या बायकोच्या, शांताच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढावी लागली आणि तिचा आवाज गेला.

गेला म्हणजे अगदी बंद नाही झाला. खाली उतरला आणि घोगरा झाला. आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नंतर म्हणाले, कदाचित भरून येईल, कदाचित हाच आवाज राहील. नाशिकरोडच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला गीत उचलायची ती शांताच. मी शेजारी बेंजो मांडीवर घेऊन बसायचो. टाइपरायटरसारखी बटणं असलेला आपला साधा बेंजो. आता ती मागच्या बाकावर ओठ मिटून बसू लागली. जेवणाआधीची प्रार्थना घरात तीच मोठ्यानं करायची, तीही थांबली. दोन माणसांच्या घरात ताटावरची ती शांतता मला सोसवत नव्हती. मी देवापाशी एकच धोशा लावला होता: आवाज परत दे, होता तसा दे.

हंगामाचा सण महिन्यावर आला. त्या रविवारी लोक आपापल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतात. कोणी विंचूरकडचा कांदा आणतो, कोणी भाताच्या लोंब्या, फ्लॅटमध्ये राहणारे कुंडीतला पुदिना आणतात. त्या वेळचं गीत शांताच्या वडिलांनी रचलेलं आहे. ते पेठच्या बाजूला शाळामास्तर होते. शांताशिवाय ते गीत कधी कोणी उचललेलं नाही. पाळकसाहेब घरी विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, "हे माझा आवाज आता जिथं आहे तिथं गीत आणून देणार असतील तर गाईन. नाहीतर दुसऱ्या कोणाला सांगा." हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही या वेळी गायली नाही तर पुन्हा कधीच गाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मग माझी खटपट सुरू झाली. तिचा सा बराच खाली गेला होता, म्हणून मी सगळ्या तारा तेवढ्या ढिल्या केल्या. तारा भणभणायला लागल्या. जाड तारा आणल्या तर बटणं दाबून दाबून बोटं सोलून निघाली. सा दुसऱ्या कुठल्याही बटणावर नेता येतो, हे शिकलेल्या वादकाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मी तरुणपणी लग्नाच्या बेंजो पार्टीत नुसतं बघून बघून शिकलेला. माझ्या लेखी सा म्हणजे पहिलं बटण. आमच्या लग्नानंतर शांतानं गमतीनं त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, आणि तेव्हापासून मी तिथूनच मोजत आलो. ती खूण हलवायची असते, हे माझ्या मनातच आलं नाही.

सणाला सहा दिवस उरले. दिंडोरीला एक जुने कारागीर बेंजो दुरुस्त करतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तार छेडली आणि मान हलवली. "एवढ्या ढिल्या तारांवर नाही बोलायचा हा. त्यापेक्षा पेटी घ्या." पेटी मला वाजवता येत नाही. मी स्टँडवर येऊन बाकावर बसलो. खरं सांगतो, त्या वेळी मला देवाचा राग आला होता. एवढी वर्षं तुझीच गीतं वाजवली, असं मनात म्हणत मी बेंजो उघडला आणि त्याच भणभणत्या तारांवर सासऱ्यांचं गीत वाजवू लागलो.

शेजारी द्राक्षबागांची छाटणी आटोपून निघालेले मजूर गाठोडी घेऊन बसले होते. त्यांच्यातला एक वयस्क माणूस उठून माझ्यापुढे उकिडवा बसला.

"ही तं आमच्याकडली चाल," तो म्हणाला. "नागली कापताना म्हणत्यात. तुला कुठं गावली?"

"माझ्या सासऱ्यांनी हिच्यावर देवाचं गीत बांधलंय."

"मंग तार कशाला रडवतो?"

त्यानं न विचारता बेंजो स्वतःकडे ओढला आणि तारा पुन्हा ताणायला सुरुवात केली. गावच्या लग्नांत वाजवतो, म्हणाला. "ही चाल सा च्या खाली उतरती. तू पह्यल्या बटणावर सा धरला, आता खाली जायाला जागा हाय का? आमी मधून धरतो. तुझा पंचम हाय ना, त्यालाच सा म्हण."

मला एकदम शरमल्यासारखं झालं. गीतातले ते खालचे सूर मी आजवर वरच्या सप्तकात उडवून न्यायचो आणि शांता बिचारी खपवून घ्यायची. त्यानं साथीला घुमणाऱ्या तीन तारांपैकी दोन नव्या सा ला लावल्या. तिसऱ्या तारेला मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "ती राहू दे. तुझा जुना सा हाय तो. आता मध्यम झाला. गोड लागंल." आणि त्यानं ती ओळ वाजवली. एक सप्तक खाली बोलणाऱ्या खर्जाच्या जाड तारेतून सूर बरोबर शांताच्या आताच्या आवाजापाशी येत होता. मला रडू आलं. तेवढ्यात सुरगाण्याची बस लागली. मी नाव विचारलं, पण गर्दीत त्याला ऐकू गेलं नसावं. खिडकीतून त्यानं नुसता हात वर केला. काड्यांनी खरचटलेला हात होता.

घरी येऊन मी शांताला वाजवून दाखवलं. ती आत गेली आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. जुना ठिपका तिनं पुसला आणि मधल्या बटणावर नवा दिला. "इथून मोजा आता," म्हणाली. पण बोटं कुठं ऐकतात! पुढचे सगळे दिवस ती जुन्याच जागी धावत राहिली. शनिवारीसुद्धा पहिली ओळ धड येत नव्हती.

रविवारी जे व्हायचं तेच झालं. शांता पुढे येऊन उभी राहिली. मी नखी मारली आणि बोट पहिल्या बटणावर गेलं. बेसूर आवाज सबंध उपासनामंदिरात घुमला. दोघंतिघं वळून बघायला लागले. मला दरदरून घाम फुटला, नवा ठिपकासुद्धा दिसेना. मी हात उचलून घेतला आणि मनात एवढंच म्हणालो, "प्रभू, मला येत नाही, आता तूच बघ." शांताच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी काही मागितलं नव्हतं.

आणि शांतानं माझ्यावाचूनच सुरुवात केली. घोगरा, खोल, पण स्थिर सूर. माझं बोट त्या सुरामागून मधल्या बटणावर कधी गेलं, मला कळलंही नाही. दुसऱ्या ओळीला मागून काहीतरी घुमल्यासारखं झालं. मागच्या बाकांवरचे पुरुष गात होते! इतकी वर्षं शांताची पट्टी उंच, त्यामुळे आमचे पुरुष या गीताला नुसते ओठ हलवायचे. आज प्रथमच त्यांना तिचा सूर पेलत होता. कधी तोंड न उघडणारे आमचे म्हातारे खजिनदारही डोळे मिटून गात होते.

तो स्टँडवरचा माणूस कोणी देवदूत होता, असा माझा दावा नाही. दमलेला, घरी निघालेला मजूर होता तो. त्याला कोणी पाठवलं, ते पाठवणाऱ्याला ठाऊक. मी होतं तसं परत मागत राहिलो आणि देवानं आहे तिथूनच धरून दिलं. शांताचा आवाज अजून परत आलेला नाही. डॉक्टरही आता फारसं काही बोलत नाहीत. माझ्या पोटात अजून गोळा उठतो, पण उठला की मी तेच म्हणतो, तूच बघ.

उपासनेनंतर घरी येऊन आम्ही जेवायला बसलो. मी सवयीनं मान खाली घालून चमचा उचलला.

"थांबा," शांता म्हणाली. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.