काडी फिरवणाऱ्या राऊळबाई

सुमती राऊळबाईंना मी प्रथम पाहिलं ते अंधेरीच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. मी नवा तंत्रज्ञ, त्या विभागप्रमुख. मी रक्ताची नळी यंत्रात ठेवणार, तोच त्यांनी ती काढून घेतली, तिरकी केली आणि आत लाकडी काडी फिरवली. म्हणाल्या, "यंत्राला डोळे नसतात रे. तुला आहेत ना?"

काडी कशाला, हेही त्यांनीच शिकवलं. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. यकृतात तयार होणारं, लांबट, दोन टोकांना एकेक आणि मधे एक असे तीन गोळे असलेलं. एरवी ते निमूट वाहतं. जखम झाली की मधल्या गोळ्यावरचे बारीक तुकडे छाटले जातात, तिथे शेजारच्या रेणूचं टोक अडकतं, आणि तंतूंचं जाळं होऊन रक्त थांबतं. हेच नळीत घडलं, तर प्रथिन गाठीत अडकतं आणि यंत्राला ते सापडत नाही. म्हणून रक्त घेताच नळी हळूच उलटसुलट करायची, म्हणजे नळीत आधीच घातलेलं, रक्त गोठू न देणारं औषध नीट मिसळतं. तरीही कुठे गाठ झाली नाही ना, हे बघायला तपासणीआधी बाई काडी फिरवायच्याच.

एकदा बाई रजेवर होत्या, तेव्हा हे राहून गेलं. दुपारी काही कामासाठी त्या आल्या, तर दारात वेसाव्याच्या हिराबाई कोळीण रडत उभ्या. सुनेचं सिझेरियन ठरलेलं, आणि रिपोर्टात फायब्रिनोजेन जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया थांबवली होती.

"बाय, माजी सून वाचंल ना गो?"

बाईंनी सकाळची नळी शोधली. काडीला गाठ चिकटून आली. बाईंनी स्वतः नव्याने रक्त घेतलं, रिपोर्ट उत्तम आला, संध्याकाळी मुलगी झाली. बाईंनी हिराबाईंना सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक आमची होती. सुनेचं रक्त चांगलं आहे."

हे व्यवस्थापनाला झोंबलं. 'तांत्रिक कारण' एवढंच लिहा, असा हुकूम आला. बाईंनी नकार दिला. मग रक्त कोणी घेतलं, याची चौकशी लागली. बाई म्हणाल्या, "विभाग माझा. माझंच नाव लिहा." निवृत्तीनंतर मिळालेली त्यांची मुदतवाढ त्याच महिन्यात संपवली. निरोपाचा साधा चहासुद्धा नाही! जाताना त्यांनी काड्यांचा डबा माझ्या हातात दिला.

आज बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्याच व्यवस्थापनाचं शुभेच्छापत्र आलं आहे. त्यात बाई म्हणे 'अचूकतेचा आदर्श'! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या अचूकतेपायी त्यांना घालवलं, तिचीच आता आरती? संपादक म्हणतात, "गोड लिहा, जुनं उगाळू नका." माफ करा, जमणार नाही. आणि हा राग नुसता त्यांच्यावर नाही.

ती नळी मी भरली होती. गप्पांच्या नादात उलटसुलट करायची राहिली. बाईंना हे त्या दुपारीच कळलं होतं. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, आणि मी नोकरी जाण्याच्या भीतीने तोंड शिवून बसलो.

बाई, तुम्ही शंभरी पार करा. हात आजच्यासारखेच स्थिर राहोत, नजर अशीच तिखट राहो. चौकशीच्या त्या कागदावर अजून तुमचं नाव आहे. ते काढून माझं लिहा, असा अर्ज मी काल सहीनिशी दिला आहे. तो मंजूर झालेला तुमच्या डोळ्यांनी बघा.