खडूच्या डब्यातली चिठ्ठी

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — शुगर किती, चोरून खाल्लेली भजी किती. हे मात्र तिलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कोल्हापुरात आमची एक छोटी संस्था आहे. सरकारी कचेरीत कुणी लाच मागितली की माणूस आमच्याकडे येतो. आम्ही तक्रार लिहून देतो, सोबत जातो. चालतं सगळं लोकांच्या देणगीवर, आणि प्रत्येक देणगीदाराचं नाव बाहेरच्या फळ्यावर लिहायचं, हा पहिल्यापासूनचा रिवाज. ठेकेदाराची देणगी घ्यायची नाही. देणारा कार्यकर्त्याच्या नात्यातला असेल, तर कार्यकर्त्यानं तशी चिठ्ठी द्यायची, आणि तीही फळ्यावर लावायची. लपवाछपवी नको. फळा लिहायचो मी. माझं अक्षर सुंदर आहे — हे मी नाही, सगळी गल्ली म्हणायची.

मग उज्ज्वला आली. वयानं माझ्या निम्मी. 'दादा, दादा' करत माझ्याकडूनच अर्ज लिहायला शिकली — आणि वर्षभरात लोक तिलाच विचारत यायला लागले. एकदा शाहूवाडीकडचे एक आजोबा आले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढं ओढला. ते म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या पावणं, उज्ज्वलाताई हाईत का?"

पावणं! माझ्याच ऑफिसात मी पाहुणा? हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून दारात तिची स्कूटी दिसली तरी माझं डोकं फिरायचं. मत्सरच तो. दुसरं काय नाव देऊ?

एक दिवस तिच्या राधानगरीच्या मामांची देणगी आली. तिनं रिवाजाप्रमाणे चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली — हे माझे सख्खे मामा, सरकारी रस्त्यांच्या कामाला खडी पुरवतात, देणगी घ्यायची की नाही ते समितीनं ठरवावं. मी ती वाचली. दोनदा वाचली. समितीपुढं ठेवायला हवी होती. मी — मी ती खडूच्या डब्यात, तळाशी घातली. आणि फळ्यावर मामांचं नाव लिहिलं. इतकं देखणं अक्षर त्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही.

विसरलो होतो का? नाही. पुढं काय होईल ते कळत नव्हतं का? कळत होतं.

दोनच दिवसांत कुणीतरी फळ्याचा फोटो मोबाइलवर फिरवला — लाच पकडणाऱ्यांना ठेकेदाराचा पैसा! अध्यक्षबाईंनी बैठक बोलावली. उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "चिठ्ठी दिलती की मी. दादांच्या हातात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खडूचा डबा माझ्या पुढ्यातच होता.

"मला नाही मिळाली," मी म्हणालो.

"दादा, आठवून बघा की."

आणि मी आठवल्यासारखं केलं. छताकडे बघितलं, कपाळ चोळलं, मान हलवली. त्या खोट्या शब्दांपेक्षा ते कपाळ चोळणं मला जास्त छळतं.

मामांची देणगी परत गेली. उज्ज्वलाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. पुढच्या आठवड्यापासून लोक पुन्हा माझ्यापुढं बसायला लागले, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

ती आता कुरुंदवाडला असते, मुलांच्या शिकवण्या घेते. ती जुनी चिठ्ठी अजून डब्याच्या तळाशी आहे. फाडायचा धीर झाला नाही, दाखवायचाही झाला नाही.

दर वर्षी उज्ज्वलाची देणगी येते — हो, आमच्याच संस्थेला. सोबत चिठ्ठी असते: मी इथली जुनी कार्यकर्ती, कुठल्याही सरकारी कामाशी माझा संबंध नाही. चिठ्ठीच्या दोन प्रती असतात. एक फळ्यावर लावायला. दुसरीवर 'चिठ्ठी मिळाली' असं लिहून, सही करून तिला परत पाठवायची असते.

ती सही मी करतो. चांगल्या अक्षरात.