मिटल्या डोळ्यांची नोकरी

डोळे उघडे ठेवून जग कळतं, यावर माझ्या मोठ्या आक्काच्या सासऱ्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. आप्पांना काही पारखायचं असलं की ते आधी डोळे मिटत. आमटीची चव तशी, भजनही तसंच. आक्काला बघायला आले तेव्हा पोह्यांचा पहिला घास घेऊन इतका वेळ डोळे मिटून बसले की आईने घाबरून पाणी आणलं. मग म्हणाले, "पोरगी पसंत हाय." पोरीकडे त्यांनी अजून धड पाहिलंही नव्हतं.

निपाणीच्या एका वखारीत ते तंबाखूचे पारखी होते. पान चुरगळून नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि ते पिकलं त्या शेतात जाऊन पोचायचं. तिथली माती, दव, वाळवणाचं ऊन, सगळीकडे फिरून आले की सावकाश प्रत सांगायची. तोवर जुने मालक चहा पीत थांबत. त्यांच्यामागे मुलगा गादीवर बसला आणि त्याला पहिल्याच दिवशी आप्पा पोत्याला टेकून डोळे मिटलेले दिसले. कामावर झोपतात म्हणून त्याने चौकशी नाही, नोटीस नाही, थेट काढूनच टाकलं. त्या पोराचा मला अजून राग येतो.

आप्पांनी बेळगावच्या कामगार कोर्टात केस घातली आणि डोळे मिटणं सोडलं. मालकाचं माणूस कुठून बघत असेल, नेम नाही. देवापुढे हात जोडून टक्क बघत उभे राहायचे. तोंडाला साबण लावतानाही डोळे उघडे, त्यामुळे कायम लालभडक. तारखेला बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या घरी उतरत. जेवणानंतर मी चटई टाकली की म्हणत, "नको रं, केस चालू हाय. पैशाचं नंतर बघू, मी झोपलो न्हवतो एवढं लिहून पायजे."

शेवटी तसं लिहून मिळालं. काढणं बेकायदा ठरलं. पण एव्हाना वखार बंद पडली होती, म्हणून कामाऐवजी भरपाई. वकिलांनी पेढे वाटले. आप्पांनी पेढा हातातच धरून विचारलं, "मग उद्या कामाव कुठं जायाचं?" वकील हसले. मला पेढा गोड लागला नाही.

त्यांना पोचवायला मी सोबत गेलो. संध्याकाळी निपाणीत उतरल्यावर ते घराऐवजी वखारीकडे वळले. दाराला कुलूप होतं. त्यांनी फळीला कपाळ टेकलं आणि कितीतरी दिवसांनी डोळे मिटले. आत काही उरलं नसावं, पण लाकडाला तंबाखूचा वास होता. बराच वेळ गेला, तसं मी हळूच विचारलं, "आप्पा, झोप लागली व्हय?"

"न्हाय रं," ते म्हणाले. "कामाव हाय."

मग मी समोरच्या गाड्यावरून चहा घेतला आणि जुन्या मालकांसारखा थांबून राहिलो.