एकटीचंच नाव

कचेरीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगकाठी तशी आणि बोलणंही तसंच. कोर्टाच्या बातम्या तिच्याकडे. भलेभले वकीलसुद्धा तिच्यापुढे जपून तोंड उघडत.

पत्रकारांच्या संघटनेत गेले म्हणून मालकांनी दोघांना घरी बसवलं, तेव्हा टेबलावर हात आपटून पहिली तीच बोलली. "काम बंद नको. बातम्या देऊ, पण बातमीवर नाव कुणीच घालायचं नाही. निघू दे बिननावाचा पेपर, वाचकच विचारतील!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि दुसऱ्या दिवशी पेपर निघाला तो काय! पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एकच नाव, तिचं. तिने बातमी बिननावाचीच पाठवली होती. नाव वर चिकटवलं ते संपादकांनी.

ती तणतणत त्यांच्या काचेच्या खोलीत शिरली. "अहो, एवढी झकास बातमी, नाव नको?" संपादक गोड हसले. मेल्याच्या तोंडात साखरच! काचेबाहेरच्यांना तिचा आवाज गेला नाही, त्यांचं हसू तेवढं दिसलं. बाहेर आली तर सगळ्यांच्या माना खाली. रोज तिच्या डब्यात हात घालणारा खेळाचा बातमीदार म्हणाला, "अभिनंदन हं."

"अरे, मी नाही दिलं नाव!" ती ओरडली. कुणी वर बघेल तर शपथ. संध्याकाळच्या बैठकीचा निरोपही तिला आला नाही.

घरी बाबा. त्याच पेपरच्या छपाईत हाडं झिजवलेला, संपात लाठ्या खाल्लेला माणूस. रोज लेकीच्या नावावरून बोट फिरवायचे. बिननावाच्या पेपरचं तिने त्यांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं. आज पेपर घडी घालून लांब सरकवलेला आणि चहावर साय धरलेली.

"शेवटी तूही वरच्यासारखंच केलंस," ते म्हणाले.

वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा शाईवाला काका. मशिनमध्ये शाई भरायचा, बाबांचा जिवलग. पूर्वीच्या त्या संपात एका सकाळी मशिन चाललं, पेपर निघाला आणि मशिनजवळच्या खुंटीवर काकाचा कोट सापडला. फितूर ठरला बिचारा. तेव्हापासून दोघं एकाच जिन्याने ये-जा करत, पण बाबा त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, तुम्ही तरी विचारा ना मला! न विचारताच फितूर ठरवून मोकळे?"

बाबांनी पेपर पुन्हा जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "दिलंस का?"

"नाही हो. संपादकांनी घातलं. आणि आता सगळ्यांची बैठक आहे, तिलाही मला बोलावलं नाही."

लेक खोटं बोलताना कशी दिसते, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. आत्ता ती तशी दिसत नव्हती. "असं होय! मग चल, तुझ्या त्या बैठकीतच जाऊ. माझ्यासमोर म्हणू देत फितूर," असं म्हणत ते तावातावाने उठले आणि दाराशी चपला शोधू लागले. एक पाय चपलेत घातला आणि तसेच थबकले. चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं हो?"

"कोट," बाबा म्हणाले. "कामाला लागताना तो रोज तिथेच टांगायचा गं. संपावर निघालो तेव्हा केवढी घाई होती, राहिला असेल तिथेच. आम्ही कुणी विचारलंच नाही त्याला."

वरून काकाचा नेहमीचा खोकला ऐकू आला. बाबा जिन्यापर्यंत गेले, पण पहिल्याच पायरीवर बसले. त्यांना वर जाववेना.