शेजाऱ्यांचं मनोगत

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे अहवालकाका म्हणत. काम एकच, पण वर्षभर पुरणारं: शाश्वत विकासाचा अहवाल. कारखान्याने किती पाणी ओढलं, किती स्वच्छ केलं, किती ओढ्यात सोडलं, हे आकडे यंत्रांवरून उतरवायचे आणि त्यांची गुळगुळीत वाक्यं करायची. कागद उत्तम, मुखपृष्ठावर हिरवंगार पान. वाचत मात्र कोणी नव्हतं, छापणाराही नसावा.

काकांचं लग्न राहून गेलं होतं. दोन खोल्यांत एकटेच राहायचे, बोलायला भिंती. कारखान्यामागच्या गल्लीत थोरली बहीण होती, विधवा. रविवारी तिच्याकडे चहा आणि तासभर गप्पा, एवढाच त्यांचा संसार म्हणा ना.

एके दिवशी चक्क एक वाचक उगवला. विद्यापीठातली संशोधक बाई, कंपन्यांचे असले अहवाल कसे बदलत गेले याचा अभ्यास करणारी. ती म्हणाली, पूर्वी अभ्यासक धूर आणि पाणी तपासायचे. आता कल बदललाय, आजूबाजूच्या माणसांचं म्हणणं अहवालात आहे की नाही ते बघतात. झालं, मॅनेजरसाहेबांनी हट्टच धरला. शेजाऱ्यांचं मनोगत हवं, फोटोसकट, आणि तेही याच आठवड्यात.

आता काका शेजारी आणणार कुठून? अनोळखी माणसासमोर त्यांची बोबडी वळायची. मग काय, गेले ताईकडे. चहा पिता पिता विचारलं, कारखान्याचा काही त्रास होतो का गं?

"मला मेलीला कसला त्रास?" ताई हसली. "तू आहेस ना तिथे. मजेत आहे मी."

काकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. अहवालात ताई दारात उभी, हसरी, आणि खाली ठळक अक्षरांत: आम्हाला कारखान्याचा कोणताही त्रास नाही. संशोधक बाईंनी एका परिषदेत ते पान दाखवून कौतुक केलं. साहेबांनी पाठ थोपटली. काका आठवडाभर हवेत होते.

पुढे गल्लीतल्या विहिरीला जांभळट पाणी आलं. लोक तक्रार घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी नेमकं तेच पान पुढे केलं. तुमच्याच गल्लीतल्या बाई काय म्हणतात बघा, म्हणाले.

काकांना हे रविवारी ताईकडूनच कळलं. भाजी निवडता निवडता तिने शांतपणे सांगितलं, की गल्लीत आता तिच्याशी कोणी बोलत नाही. शेजारीण समोरून आली तर मान फिरवते. आणि हो, पाण्याला वास तर दोन वर्षांपासून येतोय.

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भावाने विचारलं होतं," ताई म्हणाली. "भावाला कोणी रडगाणं सांगतं का? कंपनी विचारतेय, हे मला काय माहीत?"

काका साहेबांच्या मागे हात धुऊन लागले आणि ते पान काढायला लावलं. पुढच्या अहवालात दुसऱ्या गल्लीतलं दुसरंच कोणी हसत होतं. ताईच्या गल्लीवर मात्र काडीचा फरक पडला नाही.

ते रविवारी अजूनही जातात. ती दार उघडते, चहा करते, समोर बसते. परवा ती खोकत होती, थांबता थांबेना. काकांचा जीव कासावीस झाला.

"ताई, बरं नाही का गं? खरं सांग."

तिने पदराने तोंड पुसलं, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळं व्यवस्थित आहे. काही तक्रार नाही."

टोमणा असता तर काकांनी हसत हसत झेलला असता. पण ती टोमणा मारत नव्हती. जपून बोलत होती, परक्याशी बोलावं तशी.