नावाड्याच्या बाकाखालची किल्ली

यंदा नवं काय खेळायचं, हे जर्मनीतल्या कासेल शहराच्या खेळमंडळात हाइड्रुन क्योप्केला विचारायचं असा रिवाजच पडला होता. खेळ म्हणजे जुन्या वळणाचे, संगणकावरचे. चित्रात काय काय पडलंय ते नीट पाहायचं, टिचकी मारून उचलायचं, हे त्याला लावून बघायचं, भेटेल त्याला बोलतं करायचं. कोडं सुटलं की पुढचं दार उघडतं. घाई नाही, गोळीबार नाही. असे खेळ आता कोण बनवतंय, असं सगळे म्हणत, आणि ही बाई दरवर्षी कुठून तरी तीन-चार हुडकून आणी. औषधाच्या दुकानात जन्म गेला, निवृत्तीनंतर तिला हाच उद्योग. कितीही अडली तरी उत्तरं उघडून बघायची नाही. तिच्या लेखी ती चोरी होती, आणि कुणी केली असं कळलं तर चारचौघांत त्याची शोभा करायलाही ती कमी करत नसे.

मागल्या नोव्हेंबरात तिच्या हाती ‘नावाड्याची संध्याकाळ’ नावाचा खेळ आला. स्वेन्या लोमान नावाच्या तरुण बाईने नवऱ्याच्या जोडीने, नोकऱ्या सोडून तो केला होता. चित्रं सगळी कागदावर, हाताने रंगवलेली. हाइड्रुन नावाड्याच्या अंगणापर्यंत पोचली आणि अडली. घराला कुलूप, आणि किल्ली कुठेच नाही. पडद्यावरची बोटभर जागा तिने टिचकी मारल्यावाचून सोडली नाही, निदान तिला तसं वाटलं. मग मंडळाच्या सभेत तिने निकाल देऊन टाकला. “किल्ली ठेवायलाच विसरलेत. खेळ मोडका आहे. पैसे फुकट घालवू नका.” कासेलने तो खेळ घेतला नाही, आणि कासेलचं ऐकणाऱ्या बाकीच्यांनीही नाही. स्वेन्याचा नवरा पुन्हा नोकरीला लागला.

वसंतात हाइड्रुनच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. घरी आली तर स्वयंपाकघरातले पडदे पांढरेशुभ्र. ते पिवळट पडलेत म्हणून तिने बहिणीच्या धुण्याला नावं ठेवली होती. तिने बहिणीला फोन केला, पण पडद्यांचं काही बोलली नाही.

शरद ऋतूत नावाड्याच्या खेळाची सुधारलेली प्रत आली. तिने उघडली, तर अंगणात टळटळीत दुपार आणि बाकाखाली पितळी किल्ली नुसती चकाकतेय. तिने ऐटीत फोल्कमारला सांगितलं, “बघ, शेवटी ऐकावंच लागलं माझं.”

फोल्कमार तिचा मंडळातला जुना दोस्त, काहीही न फेकणारा माणूस. “पहिली प्रत आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “बघायचीय?”

त्याच्या जेवणाच्या टेबलावर, आलुबुखाराच्या केकशेजारी, त्याने ती उघडली. नदीवर जांभळी संध्याकाळ उतरली होती. नावाडी होडी बांधून दमून बसलेला. आणि बाकाखाली, खिळ्याला टांगलेली किल्ली. शेवटचं ऊन तिच्या कडीवर नेमकं पडलं होतं.

“ही तीच प्रत?”

“तीच. तू मोडकी म्हणालीस ती.”

“तुला दिसली होती तेव्हा?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग सभेत तोंडाला काय कुलूप होतं?”

“तुझ्यासमोर बोलायचं? उत्तरं चोरून बघितलीस म्हणाली असतीस. केक खा.”

हाइड्रुनने बशी बाजूला सारली. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, ते हिने त्या अंगणाच्या बाबतीत अक्षरशः खरं केलं होतं. हल्ली सगळे अंधारी चित्रं काढतात, असा शेरा आपण गेली कित्येक वर्षं किती खेळांवर मारला, हे तिला आता एकेक करून आठवू लागलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदाच्या सभेला स्वेन्या येणार होती. हाइड्रुनने ठरवलं, तिला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगून टाकायचं. चारचौघांत कशाला, असं तिने मनाला पटवलं. दुसऱ्याची शोभा करताना मात्र तिला चारचौघंच लागत.

कॉफीच्या भांड्यापाशी स्वेन्याच तिच्याकडे आली. हातात मुरंब्याची बरणी.

“क्योप्केबाई, घरचा आहे. तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही म्हणालात म्हणून ती किल्ली नीट केली.”

बरणी हातात घेऊनच हाइड्रुनने सगळं सांगितलं, डोळ्यांचं, मोतीबिंदूचं, फोल्कमारच्या टेबलाचं.

“मला दिसत होती ती,” स्वेन्या म्हणाली. “रोज बघायचे. पण तुम्हीच नाही म्हणालात. म्हटलं, आपलेच डोळे सरावलेत, आपल्याला नसलेलंही दिसतंय. मग संध्याकाळच्या चित्रावरच दुपार रंगवली.”

“त्याच कागदावर?”

“त्याच.”

हाइड्रुनला वर बघवेना. हळूच सांगून हे फिटण्यातलं नव्हतं.

सभा भरली. खाली नऊ खुंट्या पाडायच्या खेळाचा अड्डा होता, चेंडूची घरघर वर ऐकू येत होती. यंदा नवं काय, म्हणून सगळे कान टवकारून बसले. हाइड्रुनने फोल्कमारकडून जुनी संध्याकाळ भिंतीवर लावून घेतली. हातभर किल्ली भिंतीवर स्पष्ट दिसत होती.

“यात किल्ली कुणाला दिसते? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी कॉफीत साखर ढवळू लागलं. फोल्कमारसुद्धा छताकडे बघत राहिला. खाली खुंट्या धडाधड कोसळल्या. तेव्हा कुठे तिला कळलं की ही माणसं आपल्याला किती वचकून होती.

मग दाराजवळ एक हात वर गेला, खांद्यापर्यंतच.

“बाकाखाली,” स्वेन्या म्हणाली.

“हो. पहिल्यापासून तिथेच होती,” हाइड्रुन म्हणाली. “डोळे माझे गेले होते. पण दिसायचं तुम्हा सगळ्यांचं बंद झालं, ते माझ्या जिभेमुळे. यंदा काय खेळायचं, ते हिला विचारा.”

आणि ती मागे, शेवटच्या रांगेत जाऊन बसली.